बैठं काम

चिरंजीवांनी गेल्या महिन्यात उभं राहून काम करायचं टेबल घेतलं.

टेबल विजेवर चालतं. एक बटण दाबलं की वर येतं, दुसरं दाबलं की खाली जातं, आणि मालकाची उंची लक्षात ठेवतं. किंमत ऐकून मी मटकन बसलो; टेबल तेवढं घुंऽऽ करत वर गेलं. दिवसाचे दहा तास संगणकापुढे बसून पोराची कंबर धरली होती, तेव्हा अधूनमधून उभं राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आमच्या वेळी ही शिक्षा होती. मास्तर ती फुकट करायचे.

टेबल आलं ते चेन्नईच्या टी. नगरातल्या घरात, ही त्यातली खरी गंमत. आमच्या दारातून निघून उस्मान रोडला लागलं की साड्यांची, सोन्याची, भांड्यांची पाच-पाच मजली दुकानं सुरू होतात. त्यांत काउंटरमागे शेकडो मुली उभ्या असतात. शटर वर गेल्यापासून ते रात्री खाली येईपर्यंत. त्यांना बसता यावं म्हणून तमिळनाडू सरकारला २०२१ साली कायदा करावा लागला. दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि नवं कलम आलं: कामगारांना बसायची सोय करा, आणि कामातून सवड मिळाली की बसू द्या. केरळने हे २०१८ मध्ये केलं होतं, तेही कोझिकोडच्या मिठाई गल्लीतल्या दुकानांमधल्या बायका वर्षानुवर्षं भांडल्यावर. म्हणजे एकाच पेठेत एकाला उभं राहायला टेबल लागतं आणि दुसरीला बसायला विधानसभा.

मी इथं मुलाकडे राहायला आलो त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून संगणक, मोबाइलवरचे खेळ आणि आयटीतली नोकरी यांवरची लोकांची मतं गोळा करतोय. काही जण तिकिटं जमवतात, मी मतं जमवतो. एवढ्या संग्रहानंतर एक सवय लागलीय. कुणी मत द्यायला लागला की मी आधी तो कशावर बसलाय ते बघतो.

सुरुवात स्वतःपासून करतो.

मी पुण्यात एका बँकेत होतो. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, पाठोपाठ रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखेत यंत्र आलं. संगणक हा शब्द उच्चारला की घोषणा सुरू व्हायच्या, म्हणून त्याचं नाव ठेवलं ‘ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’. होता तो संगणकच. पण नाव वाचून वाटावं, पोस्टाची पेटी सुधारून आणलीय. मी दिवसभर त्या यंत्रापुढे बसायचो, त्याचा खास भत्ता घ्यायचो, आणि संध्याकाळी गेटसभेत हे यंत्र आमच्या पोराबाळांच्या पोटावर पाय देणार म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायचो. दोन्ही अगदी मनापासून. पुढे त्याच पोराबाळांतलं एक पोर त्याच यंत्रावर पोट भरायला लागलं, आणि आता म्हातारपणी मी त्याच्याकडे बसून खातोय. माझ्या मताचं पुढे काय झालं, हे अजून एकाही गेटसभेने विचारलेलं नाही.

रंगराजन या नावाचं आणि संगणकाचं काहीतरी पूर्वजन्मीचं देणं असावं. बँकांत यंत्रं आणणाऱ्या समितीचे ते चक्रवर्ती रंगराजन, जे पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. दुसरे एस. रंगराजन. ते बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअर होते आणि मतदान यंत्राच्या कामात पुढे होते. तमिळ वाचक त्यांना इंजिनिअर म्हणून ओळखतच नाहीत. बायकोचं नाव घेऊन ‘सुजाता’ म्हणून कथा-कादंबऱ्या लिहिणारा हा त्यांचा लाडका लेखक. रजनीकांतच्या २०१०च्या ‘एंदिरन’मध्ये, म्हणजे त्या रोबोच्या सिनेमात, संवाद लिहिणाऱ्यांत त्यांचंही नाव आहे, सिनेमा यायच्या दोन वर्षं आधी ते गेले. मराठी माणूस संगणकाच्या बाबतीत मागे राहिला म्हणून सुस्कारे टाकणाऱ्यांनी इथं जरा थांबावं. तमिळ पडद्यावरचा सगळ्यात गाजलेला रोबो हा शिवाजीराव गायकवाड या नावाने मराठी घरात जन्मला होता.

आणि ते मतदान यंत्र. त्याच्यापुढे माणूस उभा राहून मत देतो, फार तर अर्धा मिनिट. त्या यंत्राविषयीचं मत मात्र बसून देतो, पुढची पाच वर्षं.

तिसरं नाव रंगराजन नाही, रंगनाथन आहे. त्या नावाचा रस्ता मांबलम स्टेशनाला लागून आहे आणि तिथं उभंही राहता येत नाही, बसायचं तर लांबच. गर्दीच पाय न उचलता तुम्हाला पुढे नेते. आता स्टेशनपासून बस टर्मिनसपर्यंत उंच पादचारी पूल झालाय, २०२३ पासून. सरकते जिने आहेत, हवा आहे, वरून सगळी गर्दी दिसते. लोक पुलावर जातात, गर्दीचा फोटो काढतात आणि खाली उतरून तिच्यात शिरतात.

टी. नगर म्हणजे त्यागराय नगर. जस्टिस पक्षाच्या सर पिट्टी त्यागराय चेट्टींचं नाव. इथं पूर्वी मैलोन्‌मैल तळं होतं. १९२०च्या दशकात ते आटवून-बुजवून पेठ बसवली. पेठ बसली, पण तळं काही उठलं नाही. मोठा पाऊस झाला की येऊन आपल्या जागेवर बसतं. २०२१च्या नोव्हेंबरात असंच आलं होतं. तोवर हा भाग स्मार्ट सिटीत गेलेला होता, त्यामुळे पाणी स्मार्ट रस्त्यांवर तुंबलं, एवढाच फरक. त्या स्मार्ट सिटीच्या पैशातून पाँडी बाजारात २०१९ साली रुंद फुटपाथ झाले आणि त्यांवर बसायची सोय केली. मला विचाराल तर त्या योजनेतलं सगळ्यात स्मार्ट काम तेच. माझा मतसंग्रह निम्म्याहून जास्त तिथल्या बाकांवर झालाय. ॲप कसलं लागत नाही, पासवर्ड तर नाहीच. शेजारच्याने पाय आखडले की आपण बसायचं.

त्या बाकावर भेटलेलं पहिलं मत आमच्याच घरमालकांचं. मी यायच्या आधी चिरंजीव घर बघायला आला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, “साफ्टवेर-आ?” हो म्हटल्याबरोबर चहा, नाही, कॉफी आली, आणि दहा महिन्यांचं भाडं ॲडव्हान्स म्हणून ठरलं. सॉफ्टवेअरवाला म्हणजे देवाने पाठवलेला भाडेकरू: दिवसभर घरात नसतो, असला तर खुर्चीत असतो, भिंतीला खिळे मारत नाही आणि भाडं एक तारखेला टाकतो. पण २०२५च्या जुलैत टीसीएसने बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं आणि मालकांचं मत बदललं. माझ्या मुलाची कंपनी ती नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी आता भेटले की हवामान विचारावं तसं विचारतात, कंपनी कशी आहे. मी म्हणतो बरी आहे. ते म्हणतात, आमच्या काळी सरकारी नोकरीला पर्याय नव्हता. बसायला ते स्वतः आमच्या भाड्यावर बसलेत, पण हे काही बोलायचं नसतं.

बायका-मुलांच्या मतांकडे वळू. आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन मुलगे आहेत, दोघंही तेरा वर्षांचे. एक आमचा नातू, एक समोरचा. दोघंही शाळेतून आले की मान खाली घालून, पाठीला बाक काढून, तीन-तीन तास एका जागी बसतात. समोरच्याच्या पुढे बुद्धिबळाचा पट असतो, आमच्याच्या पुढे मोबाइल. बसणं हुबेहूब तेच, तहान-भूक विसरणं तेच, हाक मारल्यावर ‘अं?’ म्हणणं तेच. पण समोरच्याच्या आईला मजल्यावरच्या बाया विचारतात, “कोचिंग कुठं?” आणि आमच्या सूनबाईंना विचारतात, “डॉक्टरला दाखवलंत का?”

चूक त्यांचीही नाही. हे शहरच बुद्धिबळाचं आहे. विश्वनाथन आनंद इथलाच. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला तेव्हा आमच्या इमारतीत पेढ्यांच्या जागी म्हैसूरपाक वाटला गेला. गुकेशची नियमित शाळा चौथीनंतर थांबली होती, हे समोरच्या बाई फार अभिमानाने सांगतात. त्यांच्या मुलाला मात्र गणितात एक मार्क कमी पडला की पट माळ्यावर जातो. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५च्या जुलैत महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा मीही कॉलर ताठ करून फिरलो. नातवाने विचारलं, “आबा, तीही दिवसभर बसूनच खेळते ना?” मी म्हटलं, ते वेगळं. तो म्हणाला, कसं? मी म्हटलं, जेवायला चल.

नातवाचा खेळ तो बंदुकीचा, शंभर माणसं विमानातून उतरतात आणि एक उरतो तो. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली. २०२१ मध्ये तो नाव बदलून परत आला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला. मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. महाराष्ट्रातल्या वाचकांना ही ये-जा ओळखीची वाटेल. तिथं ती आमदारांकडून होते. नातवाला मात्र यातून राज्यशास्त्राचा एक धडा मिळाला. बंदी आली की तो आता रडत नाही. “येईल परत,” म्हणतो.

मजल्याच्या टोकाला एक आजी राहतात. घरी तंजावरी मराठी बोलतात, म्हणजे बखरीतल्या मराठीला चिंच-कढीपत्त्याची फोडणी दिल्यासारखी. मला सुरुवातीला निम्मी कळायची, आता पाऊण कळते. त्यांचा नातू अमेरिकेत संगणकाच्या नोकरीत आहे. या मजल्यावर मोबाइलवरच्या खेळांबद्दल काहीच तक्रार नसलेल्या त्या एकट्याच. त्यांचं म्हणणं असं की साडेतीनशे वर्षांपूर्वी आमचे लोक व्यंकोजी राजांबरोबर घोड्यावर बसून इकडे आले, आणि नातू खुर्चीवर बसून तिकडे गेला. पोराला आधी नीट बसता तर आलं पाहिजे.

पैशाच्या खेळांबाबत मात्र सगळ्यांचं एकमत आहे, म्हणजे सगळे वाईट म्हणतात आणि बरेच जण खेळलेले असतात. तमिळनाडूने ऑनलाइन रमीवर बरंच घोडं दामटलं. २०२२चा कायदा केला, तो कोर्टात गेला, २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रमी हा कौशल्याचा खेळ म्हणून तेवढा भाग काढून टाकला. मग २०२५ मध्ये नियम आले: आधार दाखवा, आणि रात्री बारा ते पहाटे पाच खेळ बंद. कोर्टाने जूनमध्ये हे नियम उचलून धरले. इथं राहुकाल फार पाळतात. राहुकालात कुणी बोहणी करत नाही की नवी साडी नेसत नाही. राहूचा काल दिवसाला दीड तास. सरकारने आपला पाच तासांचा काढला आणि तो रात्रीचा ठेवला, म्हणजे राहूची अडचण व्हायला नको.

हे सगळं मी पुण्यातल्या मित्राला फोनवर मोठ्या तोंडाने सांगत होतो, की बघ, इथलं सरकार किती सजग आहे. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राच्या विधिमंडळात बसल्या जागी मोबाइलवर रमी उघडलेली चित्रफीत आली. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे म्हणाले, मी खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेला खेळ बंद करत होतो. असेल. मलाही बँकेची पासबुकं बघताना असल्या जाहिराती येतात. पण सरकारने पंधरवड्याच्या आत त्यांच्याकडून शेती काढून घेतली आणि क्रीडा दिलं. खातेवाटपात एवढा अचूक निर्णय मी तरी पाहिलेला नाही. पुढे तीन आठवड्यांत केंद्राचा कायदा आला आणि पैशाचे सगळेच ऑनलाइन खेळ बंद झाले. ई-स्पोर्ट्सना मात्र मान्यता मिळाली. नातवाने तेवढंच वाक्य तोंडपाठ केलंय.

आता नोकरी. आयटीतली नोकरी कशी असावी यावर सगळ्यात ठाम मतं असतात ती ज्यांच्या खुर्चीला सगळ्यात उंच पाठ असते त्यांची. नारायण मूर्तींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये आठवड्याला सत्तर तास सांगितले. एल अँड टीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांनी जानेवारी २०२५ मध्ये ते नव्वदवर नेले, रविवारसह. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असा त्यांचा मुद्दा होता. आमच्या सौभाग्यवतींनी तो चष्मा काढून ऐकला. म्हणाल्या, “त्यांच्या बायकोलाही विचारलंय का, ती किती वेळ बघते ते?”

आमच्या घरातला हिशोब सांगतो. चिरंजीव आणि सूनबाई दोघंही आयटीत, दोघांचे आठवड्यातले तीन दिवस घरबसल्या. चिरंजीव कॉलवर असला की घरात कर्फ्यू असतो. मी खोकला गिळतो, सौ. टीव्हीचा आवाज घालवून नुसती तोंडं बघते, मिक्सर थांबतो. सूनबाई कॉलवर असल्या की कुकरच्या शिट्ट्या होतात, नातू वही शोधून मागतो, कामवाली विचारते भांडी कुठली घासू, आणि मी, खोटं कशाला बोलू, मीही एकदा दारातून चहाची खूण केली होती. सूनबाईंनी अमेरिकेतल्या साहेबाला “येस, ॲब्सोल्यूटली” म्हणत मला बोटानेच गॅसकडे जायला सांगितलं. नऊ तास त्या बसतात आणि मग दुसरी पाळी ओट्यापुढे उभ्याने. दोन्ही धरून नव्वद तास कधीच ओलांडलेत, पण त्यांना अजून कुठल्या चेंबरच्या समारंभात भाषणाला बोलावलेलं नाही. ते वर-खाली होणारं टेबल आलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “ओटा खाली येईल असं काही मिळतं का बघ ना.” चिरंजीव हसला. त्याला तो विनोद वाटला.

मग राहिली ती कृत्रिम बुद्धिमत्ता. तिच्याविषयी मत नसलेला माणूस टी. नगरात दाखवा आणि माझ्याकडून फिल्टर कॉफी घ्या. इथल्या लोकांना ती सिनेमातून कळली. २०२४ मध्ये विजयचा ‘द ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’ आला, त्यात आदल्या डिसेंबरात वारलेला नट विजयकांत या तंत्राने पडद्यावर आला, आणि त्याच वर्षी जानेवारीत गेलेल्या गायिका भवतारिणीचा आवाज एका गाण्यात उमटला. थिएटरात लोक रडले, शिट्ट्याही वाजवल्या. सिनेमा ज्या एजीएस कंपनीचा, तिचं थिएटर आमच्या टी. नगरातच आहे, आणि ती कंपनी काढणाऱ्या भावांनी पूर्वी एसएसआय नावाचे संगणकाचे क्लास चालवले होते. नव्वदच्या दशकात या शहरातल्या हजारो पोरांना संगणक शिका, नोकरी लागेल, असं सांगणारे लोक आता मेलेल्या माणसालाही कामाला लावतात. माणूस गेला तरी शूटिंगला हजर. सत्तर तास की नव्वद, हा वादच मिटला.

बाकावर शेजारी बसलेले एक निवृत्त हिशेबनीस मला म्हणाले, ही बुद्धिमत्ता सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार. मी विचारलं, तुमच्या मुलीची? ती लोकांना हीच बुद्धिमत्ता शिकवते. ते म्हणाले, नाही नाही, तिची कशी खाईल, ती तर त्यातच आहे. मला एकदम आमची गेटसभा दिसली.

झोहोच्या ‘अरट्टै’चंही सांगून टाकतो. कंपनी इथली, निरोपांचं ॲप इथलं, आणि नावाचा अर्थ तमिळमध्ये चकाट्या. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात केंद्रातल्या मंत्र्यांनी झोहोचं कौतुक केलं आणि देशभर लोक स्वदेशी चकाट्यांकडे धावले. मीही उतरवून घेतलं. माझ्या यादीतले चौघं तिथं आले होते. चौघांनीही एकमेकांना विचारलं, बाकीचे कुठं आहेत? बाकीचे जिथं होते तिथंच बसले होते, सकाळी गुलाबाचं फूल पाठवत. दोन आठवड्यांनी आम्ही चौघंही तिकडे परत गेलो आणि तिथं अरट्टैवर चर्चा केली.

पाँडी बाजाराच्या कोपऱ्यावर फूलवाली असते. मोगऱ्याची वेणी ती मुळमवर मोजते, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. तिचा हात आखूड आहे, त्यामुळे तिचं मुळम स्वस्त नाही. सौ. दर वेळी स्वतःचा हात लावून बघते, फूलवाली दर वेळी मान हलवते. माप हे असं राजेराजवाड्यांच्या काळचं, आणि पैसे क्यूआर कोडवर. टोपलीशेजारी एक डबा, तो प्रत्येक वेळी तमिळमध्ये ओरडून रक्कम सांगतो. तिचं संगणकावर काय मत, म्हणून मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये विचारलं. ती म्हणाली, डबा बोलतो ते ठीक, पण त्याला जोरात बोलायची काय गरज? शेजारच्या पेरूवालीला माझा गल्ला कळतो. आणि वर दर महिन्याला या डब्याचं भाडं. गोपनीयतेवर मी बरेच लेख वाचलेत, त्यांत शेजारची पेरूवाली कुठंच नव्हती.

गेल्या शनिवारी भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गेलो. दुकानाचं नाव नको. पाच मजले, आणि दारातच “वांगा, वांगा” असा गजर. नव्या मराठी माणसाला पहिल्या दिवशी वाटतं, भाजीचं दुकान आहे. ते ‘या, या’ असतं. वर गेल्यावर “उक्कारुंगा”, म्हणजे बसा. गिऱ्हाइकाला स्टूल मिळतं. लक्ष्मी रस्त्याच्या जुन्या दुकानांत गादी असायची, दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही मांडी घालून बसायचे, साडी मधे पसरायची. इथं काउंटर, अलीकडे बसलेले आपण, पलीकडे उभी ती.

बावीस-तेवीस वर्षांची असेल. गावाकडची, तिरुनेलवेलीची. वसंतबालनच्या २०१० सालच्या ‘अंगाडी तेरु’ या सिनेमात रंगनाथन रस्त्यावरच्या दुकानातली अशीच पोरं आहेत, दक्षिणेच्या जिल्ह्यांतून आलेली. सौ.ने चाळीस साड्या काढायला लावल्या. तिने चाळीस काढल्या, प्रत्येकीचा पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवला. मी इकडेतिकडे बघत होतो. तिच्या मागे, भिंतीला टेकून एक प्लास्टिकचं स्टूल होतं, कायद्यातलं. त्याच्यावर घड्या न घातलेल्या साड्यांचा ढीग बसला होता.

सौ. एक्केचाळिसाव्या साडीचा काठ बघत होती, तेवढ्यात मुलीने मला विचारलं, कुठले तुम्ही. सांगितलं. मुलगा काय करतो? साफ्टवेर. तिचे डोळे चमकले. धाकटा भाऊ गावी कॉम्प्युटरचं शिकतोय, शेवटचं वर्ष. आता नोकऱ्या राहिल्या नाहीत असं सगळे म्हणतात, खरं आहे का? चांगलं असतं का ते काम?

तीन वर्षांचा माझा संग्रह, गेटसभेपासून बाकापर्यंतचा, आणि एक मत हाताला लागेना. घरमालकांचं सांगावं तर पोरगी घाबरायची, हिशेबनिसांचं सांगावं तर माझंच मला हसू यायचं. चिरंजीवाची कंबर आठवली, टेबल आठवलं, ते सांगायची तर लाजच वाटली. शेवटी तमिळचे जेवढे शब्द येत होते तेवढ्यात जे बसलं ते बोललो: दिवसभर बसून करायचं काम आहे.

तिने वहीतून पावती फाडली. इथं पैसे दुसऱ्या खिडकीवर भरायचे, पिशवी तिसऱ्या खिडकीवर घ्यायची आणि दारात चौथा माणूस शिक्का मारतो. चिरंजीवांच्या भाषेत याला वर्कफ्लो म्हणतात. पावती माझ्या हातात देताना ती हसली.

“उक्कांदु-आ?” म्हणाली. बसून? “अप्पो नल्ल वेलै दान.”

मग चांगलंच काम आहे की.